डाव्या बाजूची कणीक

हौसानं गहू घरातून हाकलला तो चोराला हाकलावा तसा, शिव्या घालून. तसा आमच्या रत्नागिरीकडे गहू म्हणजे पाहुणाच. रेशनवर मिळतो म्हणून आणायचा, होळीला पोळ्या नि घाटावरचं कोणी आलं तर चपात्या करायच्या, बाकी रोजचं राज्य तांदळाचं. सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी भाकरी, तीही तांदळाची. त्यामुळे गव्हाला घालवणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. पण हाकलायला गेल्यावर कळलं, हा पाहुणा कधीच माजघरात पाय पसरून बसलाय. बिस्किटात गहू, पावात गहू, शेवयांत गहू, प्रसादाच्या शिऱ्यात गहू. दुकानातल्या डबीतल्या हिंगातसुद्धा मैदा मिसळलेला असतो हे सुनेनं मोबाईलवर वाचून दाखवलं, तेव्हा हौसानं ती डबी उचलून थेट घरामागच्या परड्यात भिरकावली.

"हिंगात पन शिरला मेला! ह्याला काय लाजलज्जा हाय का नाय?"

हे सगळं कशापायी, तर एकुलत्या एका लेकासाठी. गुरुप्रसाद तिचा, वाडीचा गुरू. तिशी ओलांडलेला उंचापुरा बाप्या बघता बघता खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यासारखा दिसायला लागला. खाल्लेलं अंगी लागेना, पोट कायम बिघडलेलं, तोंड आलेलं, जिना चढला तरी धाप. रत्नागिरीतले दोन डॉक्टर झाले, एक वैद्य झाला, देवीला गाऱ्हाणं घालून झालं. शेवटी कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं दुर्बीण घालून आतडं तपासलं आणि निदान हाती आलं. गव्हात, सातूत एक चिकट पदार्थ असतो, तो गुरूच्या आतड्याला सोसत नाही.

"म्हंजे चपाती बंद करायची?" हौसानं विचारलं होतं.

"नुसती चपाती नाही, आजी. कण जायला नको पोटात. ज्या सुरीनं पाव कापला, ती सुरीसुद्धा नको. आणि हे दोन-चार महिन्यांचं पथ्य नाही, जन्मभराचं आहे."

दुसरी एखादी बाई हे ऐकून रडली असती. हौसा कामाला लागली. नवा तवा आणला, नवी चाळण आणली, जुनं पोळपाट-लाटणं शेजारणीला देऊन टाकलं. बायका हसायच्या. हसू देत, हौसाला फरक पडत नव्हता. नवरा बाबू तिच्या डोळ्यांदेखत पडवीत छातीत कळ येऊन गेला होता, तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं. आता होतं. नुसतं डोळ्यात तेल घालून बघायचं होतं.

आता घरात बसणारा माणूस असता तर गोष्ट निराळी. गुरू पखवाजी. लवूबुवांच्या भजनी मंडळात बाबू वाजवायचा, बाबू गेल्यावर तोच पखवाज गुरूच्या मांडीवर आला. आणि वाजवायचाही असा, की बुवांचं गाणं ऐकायला आलेली माणसं गुरूकडे बघत बसायची. आज मंडणगडला शिमग्याच्या भजनाची बारी, उद्या हर्ण्याला कोणाच्या तरी घरच्या सत्यनारायणाचं भजन, परवा मुंबईत चाकरमान्यांच्या मंडळाचा वर्धापनदिन, मधल्या दिवसांत कुठं रेकॉर्डिंग. महिन्यातला अर्धाअधिक काळ माणूस घराबाहेर. आणि बाहेर काय मिळतं? एसटी स्टँडवर वडापाव, यजमानाकडे पुरीभाजी, आरती झाली की तळहातावर शिरा. नाही म्हणायची सोय नसते. भजनाला आलेल्या माणसानं प्रसाद नाकारायचा म्हणजे यजमानाच्या तोंडात मारल्यासारखं.

गुरू नाकारायचा. मान खाली घालून, हात जोडून. सून शमिका पहाटे उठून त्याचा डबा करून द्यायची, तांदळाच्या भाकऱ्या नि सुकी भाजी. दुपारपर्यंत त्या भाकऱ्यांच्या चामट्या व्हायच्या. तोही खायचा, तक्रार नाही. डबा विटला तर केळी नि ओलं खोबरं. शमिका तर यजमानांना आधी फोन करून विचारायची, तुम्ही आमटीत हिंग कुठला घालता? लोक म्हणायचे, ही पखवाजी पाठवतेय की जावई?

एकदा सामन्याच्या बारीला समोरच्या बुवांनी भर गाण्यात गुरूच्या डब्यावर कडवं जोडलं. दोन बुवांनी एकमेकांची टर उडवायची ही त्या भजनांची रीतच. कडवं असं होतं, की लवूबुवांनी पखवाजी आणलाय का डबेवाला, आणि प्रसादाला जो भितो तो देवाला काय आळवणार. मांडव हसून लोळला. लवूबुवा उत्तर द्यायला उठणार तेवढ्यात गुरूनं असा काही बोल लावला की समोरच्यांची झांज चुकली. घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा हौसाला आनंद झाला, आणि रागही आला. कडवं रचणाऱ्याच्या दाराशी जाऊन भांडून यावं असं तिला फार वाटलं होतं.

एवढं सगळं करून गुण येईना. सुरुवातीला थोडा आला. तोंडावर जरा रया आली. मग बारीचा हंगाम लागला की पुन्हा तेच. पावसाळ्यात भजनं कमी होत, तेव्हा तो सावरायचा. गणपती आले की घसरायचा. "परवासाची दगदग," हौसा म्हणायची. पुन्हा रक्त तपासलं. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी कागद बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"कुठून तरी पोटात जातंय," ते म्हणाले. "घरात नीट शोधा. असंच चालू राहिलं तर हे आतडं एक दिवस वेगळ्याच वाटेला लागेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

हौसा घरी आली ती शोधायलाच. सगळे डबे उपडे केले, कोनाडे झाडले. आणि तांदळाच्या पिंपामागे तिला सापडली कागदाची पुडी, बेकरीतल्या खारीची. दोन खाऱ्या खाल्लेल्या, तीन शिल्लक.

खारी शमिकेची होती. बिचारीला चहाबरोबर खारी खायची लहानपणापासूनची सवय. नवऱ्यासाठी तिनं गहू सोडला होता, आनंदानं सोडला होता, पण कधीतरी जीव व्हायचा. मग ती परड्यात जाऊन, केळीखाली उभी राहून एखादी खायची, चूळ भरायची, हात धुवायची नि घरात यायची. एवढाच तिचा गुन्हा. पण हौसाला त्या पुडीत लेकाचं मरण दिसलं. तिनं ती पुडी अंगणात आणली आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"बाहेर कुठं शोधू गो मी? घरातच इख घालनारी बसलीय! माजा लेक सुकत चाललाय नि ही खाऱ्या खातेय!"

"आई, मी त्यांच्या भांड्यांना हात लावायच्या आधी साबणानं..."

"साबनाचं नको सांगू मला. रक्तात कुठून आलं मग? आभाळातून पडलं?"

गुरू पडवीत बसला होता. मांडीवर पखवाज, हातात तो पुसायचं फडकं. शमिकेनं त्याच्याकडे बघितलं. तो बोलला असता तर चित्र पालटलं असतं. तो पखवाजाच्या कातडी वाद्या पुसत राहिला. तिसऱ्या दिवशी शमिका लहानग्या लेकीला, आरोहीला घेऊन मंडणगडच्या एसटीत बसली, माहेरी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण तेव्हा तसं म्हणणारं वाडीत कोणी नव्हतं.

हौसानं स्वयंपाक पुन्हा आपल्या हातात घेतला. आता कणालाही वाट नव्हती. आणि तरी गुरू सुकतच राहिला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण हौसा ती कोणाला सांगत नसे, आणि तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. पखवाजाच्या उजव्या तोंडावर काळी शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडावर मात्र दर खेपेला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे आवाज खाली उतरतो नि घुमतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. बाबूचं म्हणणं असं, की कणीक घरच्या बाईनं मळलेली हवी, परक्या हातची कणीक बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून दर बारीला हौसा ती मळत आली. लोण्यासारखी मऊ, ओल्या फडक्यात बांधलेली. सुनेला ती त्याला हात लावू देत नसे. त्यासाठी गव्हाच्या पिठाची एक पितळी डबी देव्हाऱ्याखाली असायची. घरातला सगळा गहू गेला तेव्हाही ती डबी जागची हलली नाही. ते खायचं पीठ नव्हतंच मुळी. देवाच्या समईतल्या तेलात कोणी पुऱ्या तळतं का? तसं ते पखवाजाचं. मळून झाल्यावर हौसा कोपरापर्यंत हात धुवायची, नखं घासायची, मगच भाकरीला बसायची. एवढी ती काटेकोर.

महाशिवरात्रीला वेळणेश्वरला दुपारची बारी ठरली. शमिका गेल्यापासून हौसाच्या मनात एकच घोळत होतं, बाहेरच कुठं तरी पोरगा फसतोय. कोणी तरी चहात बिस्कीट बुडवून तोच चमचा ह्याला देत असणार. "मी येतंय संगती," ती म्हणाली. लवूबुवा हसले, पण गाडीत जागा केली. जयगडच्या फेरीबोटीवरून गाडी पलीकडे तवसाळला उतरली, तिथून वेळणेश्वर. देवळात दर्शन झालं. यजमानांनी सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी वाढली. हौसानं आपला डबा उघडून गुरूला स्वतःच्या हातानं वाढलं, पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं दिलं. पानात काही परकं पडलं नाही हे तिनं बघितलं. मग निर्धास्त होऊन बायकांत पुढं जाऊन बसली.

खरं सांगायचं तर तिनं लेकाला वाजवताना जवळून कधी बघितलंच नव्हतं. भजन म्हटलं की बायामाणसं चुलीपाशी. आवाज ऐकायची, माणूस दिसायचा नाही. आज दिसला. अंगावर मांस नाही, पण मांडी घालून बसला, कपाळाला बुक्का लावला, पखवाज ओढला आणि पहिली थाप पडली तेव्हा हौसाच्या अंगावर काटा आला. बाबू बसलाय असंच वाटलं. तीच मान, तेच डोळे मिटणं.

समुद्राचा वारा सुटला होता. मांडवाची कापडं फडफडत होती. असल्या वाऱ्यात कणीक पटकन सुकते नि कडेनं सुटायला लागते. लवूबुवा तान घेत होते तेवढ्यात गुरूनं डावा हात उचलला, अंगठा जिभेला लावला, ओला केला, नि कणकेची सुटलेली कड दाबून बसवली. हात पुन्हा थापेला. बघणाऱ्याला कळणारही नाही इतकं चटकन. थोड्या वेळानं पुन्हा. अंगठा जिभेला, जिभेवरून कणकेला, कणकेवरून पुन्हा जिभेला.

हौसाला आधी हसू आलं. नवी नवरी असताना पडवीत सरावाला बसलेल्या बाबूला तिनं बघितलं होतं, तो अगदी असाच करायचा. ती त्याला म्हणायचीही, मेल्या, वाटीत पाणी देते की! तो म्हणायचा, गजरात वाटी कोण शोधतो?

मग तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

पुढचं भजन तिला ऐकू आलं नाही. ती फक्त अंगठा मोजत होती. पुन्हा गेला. पुन्हा. गजर रंगात आला, माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली, झांजांचा नुसता कल्लोळ, आणि गुरूचा हात जास्त वेळा तोंडाशी जायला लागला. हौसाला ओरडायचं होतं. झांजांपुढे कोणाला ऐकू जाणार? ते फडकं तिनं सकाळी बांधलं होतं. ती कणीक तिनं मळली होती. कोणाच्या चमच्यात नव्हतं, कोणाच्या हिंगात नव्हतं, सुनेच्या खारीत तर नव्हतंच. काखेत कळसा नि गावाला वळसा. दर बारीला स्वतःच्या हातानं मळून, गाठ मारून, "जपून जा रे" म्हणून तिनं ते दिलं होतं.

परतीच्या बोटीवर मंडळी गाडीतच पेंगत बसली. गुरू कठड्याशी उभा होता. हौसा जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"अंगठा दाखव."

"काय?"

"डावा. दाखव."

त्यानं हात पुढं केला. नखात पांढरं वाळलेलं पीठ होतं. हौसानं तो हात धरला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"बाला, ता गव्हाचं हाय रे. तू चाटतोस ता गव्हाचं हाय. माज्या डोस्क्यात कवा आलंच नाय. तुज्या पन नाय आलं?"

गुरूनं हात सोडवून घेतला नाही.

"मला ठाऊक हाय, आये."

"कवापासून?"

"कोल्हापूरला डॉक्टरांनी आत एकट्याला घेतलं होतं ना, तवा इचारलं, काम काय करतोस? मी सांगितलं. कणीक लावतो म्हटल्यावर म्हणाले, ह्ये सोड. नायतर बाकी पथ्याचा उपेग नाय."

हौसाला वाटलं, बोट बुडते आहे.

"मग सोडलंस का नाय?"

"सोडून बघितलं. तांदळाचं पीठ लावलं, दोन थापांत गळून पडतं. गव्हात जो चीक असतो ना, मला बाधतो तो, तोच कातड्याला धरतो. डाव्या बाजूलाही कायमच्या शाईचं पान बसवलं, त्याचा आवाज आबा वाजवायचे तसा येत नाय. वाटीत पाणी ठेवून बघितलं. पण रंगात आलं की हात कुठं जातो ता मला कळत नाय, आये. लहानपणापासून आबांचं बघून लागलेली सवय ती. आणि तू मळतेस. तुला कसं सांगू?"

"आणि शमिका?"

गुरूनं तोंड खाडीकडे फिरवलं.

"मी तिला भर अंगनात इख घालनारी म्हनली. तू पडवीत बसला होतास. तुला ठाऊक होतं, नि तू बोलला नायस?"

"बोललो असतो तर पखवाज गेला असता," तो म्हणाला, अगदी हळू.

आयुष्यात तिनं लेकावर हात उगारला नव्हता. आता उगारला. पण समोरचा गाल इतका बसलेला होता की तो हात तिनं तसाच खाली आणला.

दुसऱ्या दिवशी तिनं ती पितळी डबी उचलली नि सगळं पीठ परड्यात कोंबड्यांपुढे ओतलं. गुरू बघत होता. "सोडतो," तो म्हणाला. आणि त्यानं खरंच सोडलं. पखवाज लवूबुवांच्या घरी पोचवून आला. त्याच्या जागी विनीत नावाचा एक नवा मुलगा बसायला लागला.

हौसा त्याच आठवड्यात मंडणगडला गेली. शमिका भात कांडून आणायला निघाली होती, तिनं पोतं खाली ठेवलं, पाणी दिलं. हौसानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "माजं चुकलं गो. वाडीतल्या सगळ्यांसमोर म्हनन, बोलव त्यांना."

शमिकेनं ऐकून घेतलं. रडली नाही.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, आई. तुमच्यावर माझा राग नाही," ती म्हणाली. "पण त्यांना ठाऊक होतं. ते का नाही आले?"

हौसा तशीच परतीच्या एसटीत बसली.

मग गुरू स्वतः मंडणगडला गेला. दोघांत काय बोलणं झालं ते हौसानं कधी विचारलं नाही. शमिका आली, पण पूर्वीसारखी बोलायची नाही. डबा करायची, औषधं द्यायची, रात्री पोरीला घेऊन माजघरात निजायची. घरात गव्हाचा कण नव्हता. आता खरोखरच नव्हता.

गुरूला बरं वाटायला लागलं. पोट थांबलं, तोंड बरं झालं, वजन थोडं वाढलं. शेजारणी म्हणाल्या, हौसे, तुझा लेक परत आला. हौसा हसायची. तिला दिसत होतं ते वेगळं होतं. दिवसभर तो पडवीत बसून असायचा. लवूबुवांनी एकदा बोलावलं, ये, झांज तरी वाजव. गेला. अर्ध्या भजनातून उठून आला, म्हणाला, विनीतचा हात चांगला आहे, आणि जेवलाच नाही. त्याला हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायचा. ह्यासाठी का मी गहू हाकलला, असं हौसाच्या मनात यायचं, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःचीच भीती वाटायची. जिवंत आहे ना? मग झालं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पोटात एका जागी दुखायला लागलं. सगळ्यांना वाटलं, उसण भरली असेल. महिन्यानं कोल्हापूरला नेलं. आतड्यात गाठ होती, पसरलेली. डॉक्टरांनी शमिकेला बाजूला घेऊन सांगितलं, शमिकेनं हौसाला सांगितलं. हौसा उठून डॉक्टरांच्या दाराशी गेली.

"आधीच सोडलं असतं तर?" तिनं विचारलं. "पयल्याच दिवशी सोडलं असतं तर ही झाली नसती का?"

"तसं सांगता येत नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. चांगला माणूस होता. तिच्याकडे न बघता म्हणाला.

गुरूला घरी आणला. शेवटचे दिवस तो पेजेवर होता, मग पेजही उतरेना. शमिका रात्रंदिवस उशाशी असायची. एका दुपारी हौसा भांडी घासून आत आली तर तो शमिकेला म्हणत होता, "तुला बोलायला पायजे होतं मी." शमिकेनं त्याच्या तोंडाला पाणी लावलं आणि म्हणाली, "आता नका बोलू." तिनं त्याला क्षमा केली की नाही, ते हौसाला त्या आवाजावरून कळलं नाही. आणि मग श्रावण संपायच्या आत, भर पावसात, सकाळी आरोही शाळेत गेलेली असताना तो गेला.

माणसं जमली. लवूबुवा आले, अंगणात उभे राहून लहान मुलासारखे रडले. सगळं झालं. पुरुष स्मशानातून परत आले, अंघोळी झाल्या. जिथं त्याला ठेवला होता ती माजघरातली जागा सारवली. वाडीतली वडीलधारी यमुनाबाई पुढं झाली. अशा वेळी सगळं तीच बघायची. त्या जागी दिवा लावायचा असतो, कणकेचा, वात दक्षिणेकडे करून.

"हौसे, गव्हाचं पीठ कुठं हाय गो?"



"ह्यांच्याकडं नसतं," एक शेजारीण हळूच म्हणाली. "थांबा, मी घरून आनते वाटीभर."

ती उठली, दारापर्यंत गेली. भिंतीला टेकून बसलेली हौसा ताडकन उभी राहिली.

"गहू आनू नको!"

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या.

"माज्या घरात गहू आनायचा नाय. त्याला चालत नाय."

"हौसे," यमुनाबाई म्हणाली. "अगो, आता त्याला काय... आता दिव्याचं काम हाय ता. त्याच्या पोटात थोडंच जातंय?"

"पखवाजाचं पन पोटात जात नाय असंच म्हनलेवतं मी," हौसा म्हणाली. "नको. कण नको. डॉक्टरनं सांगितलाय, कण नको."

आणि ती दारात आडवी उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. बाहेर पाऊस कोसळत होता, त्या जागी अजून दिवा नव्हता, आणि दिवसही उतरायला लागला होता.

कोपऱ्यात बसलेली शमिका उठली. तिनं स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर पाणी ठेवलं. पाण्याला आधण आल्यावर तांदळाचं पीठ घातलं आणि उकड काढली, मोदकाला काढतात तशी. परात घेऊन ती हौसाच्या पायाशी बसली.

"आई, ह्याचा दिवा होईल," ती म्हणाली. "गरम आहे तोवर मळायला हवं. या."

हौसानं चौकट सोडली. खाली बसली, हात पाण्यात बुडवले. दोघी मळायला लागल्या. उकड हाताला भाजत होती.